हातच्या मालाला प्रदर्शनात जागा कशी मिळवायची: जळगाव, धुळे, नंदुरबारच्या नव्या कारागिरांसाठी

गोधडीचा टाका असा की बघणाऱ्याने बोट फिरवत बसावं. केळीच्या धाग्याची पिशवीही देखणी होते. तरी प्रदर्शनाच्या यादीत नाव येत नाही. याचं कारण बहुतेक वेळा कारागिरीत नसतं, कारण निवड करणाऱ्याने तुमची वस्तू हातात घेतलेलीच नसते. त्याच्यासमोर चार-पाच फोटो असतात, अर्जातल्या पाच-सहा ओळी असतात आणि मागे अर्जांचा गठ्ठा असतो. तेवढ्यात त्याला तुमचा हात दिसला पाहिजे. म्हणून हा लेख अर्ज कुठे द्यायचा, फोटो कसे काढायचे आणि त्या पाच-सहा ओळींत काय लिहायचं, यावर आहे. शिवायचं-विणायचं कसं ते तुम्हाला येतंच.

यात्रा आणि प्रदर्शन यांत गल्लत करू नका. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, मुक्ताईनगरची महाशिवरात्रीची, अमळनेरला वैशाखात बोरीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची, धुळ्याची एकविरादेवीची, अशा ठिकाणी जागेचं भाडं भरलं की दुकान लागतं. काय विकता हे कोणी विचारत नाही. सवय व्हायला यात्रा चांगली: गिऱ्हाइकाशी बोलणं, सुटे पैसे, दिवसभर उभं राहणं सगळं तिथे शिकता येतं. पण तिथे तुमच्या शेजारी प्लास्टिकची टोपली पन्नास रुपयांना असते, आणि बांबूची टोपली अडीचशेला का, हे समजावून घ्यायला कुणाला वेळ नसतो. प्रदर्शनात उलटं आहे. तिथे येणारा माणूस हातचीच वस्तू घ्यायला येतो, म्हणून आयोजक आत कोणाला घ्यायचं ते निवडतात.

आपलं दार ओळखा

नव्या माणसाचा वेळ सगळ्यात जास्त इथे वाया जातो. ज्या दारातून आपल्याला प्रवेशच नाही तिथे अर्ज करत बसतात.

बचत गटात असाल तर पहिलं दार ‘उमेद’चं, म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं. मुंबईत वांद्र्याला भरणारं महालक्ष्मी सरस हे त्यांचं मोठं प्रदर्शन. तिथे एकट्या बाईने अर्ज करून भागत नाही, गटाचं नाव खालून वर जावं लागतं. गावच्या सीआरपी ताई (गटांना मदत करणाऱ्या अभियानाच्या कार्यकर्त्या), ग्रामसंघ, प्रभागसंघ, मग तालुका कक्ष आणि शेवटी जिल्हा परिषदेतला जिल्हा कक्ष अशी ती वाट आहे. त्यामुळे आधी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या विक्री प्रदर्शनात बसा. वर नाव पाठवताना ‘ह्या गटाने आधी कुठे विकलंय’ हा प्रश्न येतोच. गटाच्या बैठका, बचत, वह्या नीट नसतील, म्हणजे गटाच्या दहा नियमांची दशसूत्री फक्त भिंतीवर असेल, तर माल कितीही सुंदर असला तरी नाव अडतं. माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, गटांसाठी हीच वाट लोकसंचालित साधन केंद्रातून जाते.

गटात नसलेल्या कारागिराला लागतं ते ‘पहचान’ ओळखपत्र. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयातलं विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालय ते देतं. आधारशी जोडलेलं असतं आणि मिळण्याआधी तुम्ही खरोखर ती कला करता का हे तपासलं जातं, प्रसंगी समोर करून दाखवावं लागतं. गांधी शिल्प बाजार किंवा तशा सरकारी मेळ्यांत जायचं तर हे कार्ड आधी हवं. १९९४ साली सुरू झालेल्या दिल्ली हाटमध्ये १५-१५ दिवसांसाठी आलटून पालटून स्टॉल देतात, तिथेही हेच कार्ड उपयोगी पडतं. एक लक्षात ठेवा: लोणची-पापड हस्तशिल्पात बसत नाहीत, आणि हातमागावर विणणाऱ्यांचं कार्ड वेगळ्या कार्यालयाचं असतं.

कापडी बाहुल्या किंवा लाकडी खेळणी करणाऱ्यांनी तर हे कार्ड टाळूच नये. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं झालं आहे. हस्तशिल्प कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. कार्ड नसेल तर ती सूटही नाही.

सातपुड्यातल्या आदिवासी कारागिरांनी आपल्या प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. खान्देशात ती नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे आहेत. आदिवासींच्या मालाला बाजार मिळवून देणारी केंद्राची संस्था ट्रायफेड ‘आदि महोत्सव’ भरवते, आणि नवापूरकडच्या कोटवाळियांचं बांबूकाम किंवा पावरा दागिने यांना तिथे जी किंमत मिळते ती स्थानिक बाजारात क्वचितच मिळते.

मांडून बसण्याची आणखी एक जागा म्हणजे रेल्वे स्टेशन. ‘एक स्थानक एक उत्पादन’ योजना २०२२ साली सुरू झाली. तिच्यात फलाटावर थोड्या दिवसांसाठी, थोड्या भाड्यात स्टॉल मिळतो. मात्र अर्ज कुठल्या विभागाकडे करायचा ते बघा. भुसावळ स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतं; नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर हे सुरतच्या मार्गावरचे पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल विभागात. नंदुरबारचा अर्ज भुसावळच्या डीआरएम ऑफिसात देऊन कोणी वाट बघत बसू नये.

राहिली बाकीची. पुण्याची भीमथडी जत्रा, मुंबईचा फेब्रुवारीतला काळा घोडा कला महोत्सव, नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा, उदयपूरचा डिसेंबरअखेरचा शिल्पग्राम उत्सव. महाराष्ट्र नागपूर आणि उदयपूर अशा दोन्ही क्षेत्रीय केंद्रांत येतो, त्यामुळे दोन्हीकडे प्रयत्न करता येतो. पण पहिल्या वर्षी उदयपूर नको. पहिल्या वर्षी जळगावचा बहिणाबाई महोत्सव, जिल्ह्याचं गटांचं प्रदर्शन, एखाद्या महाविद्यालयाचा किंवा मंडळाचा दिवाळी बाजार एवढं पुरे. घरून डबा नेता येईल एवढ्या अंतरावरच्या प्रदर्शनात जो शिकतो, तो पुढे मुंबईत गडबडत नाही.

कागद

यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण फार अर्ज इथेच पडतात.

आधार, पॅन, बँकेचं पासबुक, पासपोर्ट आकाराचा फोटो. गट असेल तर गटाच्या खात्याचं पासबुक आणि ‘अमुक सदस्य प्रदर्शनाला जाणार’ असा सह्यांचा ठराव. हे सगळं एका फाईलमध्ये आणि त्याचे स्वच्छ फोटो मोबाईलमध्ये एका फोल्डरात. कारण गटांच्या व्हॉट्सॲपवर ‘उद्या दुपारपर्यंत नावं पाठवा’ असा निरोप येतो. तो बदलायचा नाही, त्यासाठी तयार राहायचं.

आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं, पॅनवर तिसरंच, हे आपल्याकडे घरोघरी आहे. ते दुरुस्त करायला महिना-दोन महिने जातात, म्हणून अर्जाच्या आधी करा. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना तेही बघा. ओटीपी मुलाच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमवर जात असेल तर काहीच पुढे सरकत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, करून ठेवा. ती फुकट होते, आधार नंबरवर, सरकारी संकेतस्थळावर. कागद जोडावे लागत नाहीत. हजार-दोन हजार मागणारी खासगी संकेतस्थळं सरकारीसारखीच दिसतात. पैसे मागितले की समजा चुकीच्या ठिकाणी आलात. कुंभार, टोपल्या-चटया विणणारे, पारंपरिक खेळणी करणारे, शिंपी यांनी पीएम विश्वकर्मा योजनेतही नाव घालावं. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या ह्या योजनेत १८ कामं धरली आहेत. प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. अर्जाला ते प्रमाणपत्र जोडलं की ‘हा खरंच कारागीर का’ ही शंका बरीचशी मिटते.

जीएसटीची भीती उगाच फार आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. आपल्याला बऱ्हाणपूर, इंदूर, सुरत जवळ पडतात, आणि परराज्यात विकायला एरवी नोंदणी सक्तीची असते. पण अधिसूचित हस्तकला वस्तूंना तिथेही २० लाखांपर्यंत सूट आहे. फक्त पॅन हवा आणि माल नेताना ई-वे बिल (माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल) काढावं लागतं.

बिबडे, शेवया, मसाले नेणार असाल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आणि पाकिटावर तिचा १४ अंकी नंबर. हातचा साबण, उटणं, तेल हे सौंदर्यप्रसाधनात मोडतं, त्याला वेगळा परवाना लागतो. तो नसताना स्टॉलवर कोपऱ्यात चार वड्या ठेवल्या तर सगळ्या स्टॉलवर बोट येतं.

एका वेळी एकच गोष्ट

अर्जात ‘गोधडी, पिशव्या, ज्वेलरी, तोरण, मेणबत्त्या, पापड, लोणची, ड्रेस मटेरियल’ असं लिहिलेलं वाचलं की निवडणाऱ्याला किराणा दुकान दिसतं. त्याला वस्तूंची यादी नको असते. त्याच्याकडे ठरावीक जागा असतात आणि मनात साधारण हिशोब असतो: दागिने इतके, कापडकाम इतकं, माती, बांबू, लाकूड, चित्रं. तुमचा अर्ज कुठल्या कप्प्यात टाकायचा हे त्याला पटकन कळलं पाहिजे.

त्यात दागिने, मेणबत्त्या आणि क्रोशे यांच्या कप्प्यात गर्दी असते. आपल्याकडे मात्र असे कप्पे आहेत जिथे पुण्या-मुंबईचे अर्ज येतच नाहीत. खापर घ्या. पुरणाचे मांडे भाजायचं मातीचं खापर, चांगल्या भाजणीचं, हे खान्देशाबाहेर कोण करतं? केळीच्या खोडाचा धागा रावेर-यावल-चोपड्याकडे बांधावर पडून असतो. नवापूर-अक्कलकुव्याचं बांबूकाम, चाळीसगाव-जामनेरकडच्या तांड्यांवरचं आरशांचं भरतकाम, भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती, आखाजीच्या घागरी. खापर करणाऱ्याने ‘प्रदर्शनात मातीचे दिवे चालतात’ म्हणून दिव्यांचा अर्ज करावा, याला मी तरी करंटेपणा म्हणेन. दिवे सगळीकडून येतात.

आणि आता थोडं कडू. सुरत जवळ आहे. तिथून गठ्ठ्याने आणलेल्या पर्सेस, लेस, तयार तोरणं आपल्या चार हातच्या वस्तूंमध्ये मिसळायची पद्धत पडली आहे. घरखर्च निघतो, मला ते कळतं. पण हस्तकलेच्या प्रदर्शनाची पहिली अट ‘स्वतः बनवलेलं’ हीच असते. वर्षानुवर्षं माल बघणाऱ्या माणसाला सुरतेची पर्स फोटोतही ओळखू येते. आत जाऊन सापडलात तर स्टॉल उठवतात आणि पुढच्या वर्षीही नाव घेत नाहीत. आणलेला माल यात्रेत विका, इथे नको.

फोटो

अर्जातला सगळ्यात मोठा भाग हाच, म्हणून ह्याला सुट्टीचा एक दिवस द्या. भारी कॅमेरा लागत नाही. साधा स्मार्टफोन पुरतो, पण त्याची काच आधी पदराने पुसा. पिठाचे, तेलाचे डाग असतात.

उजेड. आपल्याकडे ऊन भरपूर, आणि तेच घात करतं. सकाळी अकरा ते दुपारी चारच्या उन्हात काढलेल्या फोटोत अर्धी वस्तू पांढरी आणि अर्धी काळी दिसते. सकाळी आठ-साडेआठला ओसरीत, जिथे ऊन थेट पडत नाही पण उजेड असतो, तिथे काढा. घरातला ट्यूबलाईट बंद करा, नाहीतर रंग निळसर येतात. फ्लॅश नको.

मागे काय आहे ते बघा. प्लास्टिकची खुर्ची, सिलेंडर, कॅलेंडर, बसलेली मांजर. दोन मीटर बिनरंगी मांजरपाट आणा, इस्त्री करा, भिंतीवरून खाटेवर सोडा आणि सगळ्या वस्तू त्याच्यावरच ठेवून काढा. सगळ्या फोटोंना मागे एकच कापड असलं की पाच फोटो एका हाताचे वाटतात. फुलं, शंख-शिंपले, खोट्या मोत्यांची माळ असलं काही शेजारी मांडू नका.

कुठले पाच? पहिला: तुमची सगळ्यात चांगली एकच वस्तू, समोरून, पूर्ण. दुसरा: जवळून, कारागिरी दिसेल असा. तिसरा: वापरात, म्हणजे आकार कळतो. चौथा: काम करताना हात. पाचवा: मांडलेला स्टॉल.

दुसऱ्या फोटोत प्रत्येक कलेची आपली खूण असते. गोधडीची मागची बाजू दाखवा. पुढून मशीनची शिलाईही बरी दिसते, पण मागे धावदोऱ्याचा किंचित कमी-जास्त टाका दिसला की हात कळतो. बांबूच्या टोपलीचा काठ दाखवा, कारण कामाची सफाई तिथेच उघडी पडते. केळीच्या पिशवीत बंद जिथे जोडलाय तो सांधा दाखवा, जाणता माणूस पहिल्यांदा तिथेच बघतो. आरशाच्या कामात फोन थोडा तिरका धरा, नाहीतर प्रत्येक आरशात तुम्हीच दिसाल. खापराचा फोटो चुलीवर, वर मांडा असताना काढा. खापर म्हणजे काय हे मुंबईच्या निवडणाऱ्याला माहीत नसेल, तर तो फोटो बघून त्याला विचारावं लागणार नाही.

चौथ्या फोटोसाठी सणाची साडी नेसून, सुई नुसती टेकवून कॅमेऱ्याकडे हसत बसू नका. चेहरा नसला तरी चालतो. बोटं कामात असू द्या, आजूबाजूला चिंध्या, कामट्या, चिखल असला तरी असू द्या. ह्या एकाच फोटोत पसारा शोभतो.

पाचव्या फोटोला लोक अडतात: ‘आम्ही अजून कुठे स्टॉल लावलाच नाही, फोटो कुठून आणू?’ अंगणात लावा. बऱ्याच ठिकाणी दहा बाय दहा फुटांची जागा मिळते, काही ठिकाणी नुसतं एक टेबल. खडूने दहा बाय दहा आखा. एक टेबल, मागे दोरीवर टांगायच्या वस्तू, काही डोळ्यांच्या उंचीवर, काही खाली. खोकी उपडी ठेवून त्यावर कापड टाकलं की दोन पायऱ्या तयार होतात. भाव लिहिलेल्या चिठ्ठ्या लावा आणि रस्त्यावरून बघितल्यासारखा फोटो काढा. सॅटिनच्या झालरी आणि गटाच्या नावाचा, सगळ्या नेत्यांचे फोटो असलेला फ्लेक्स नको. १९३६ सालच्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला भरलं. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोसांनी तिथली सगळी सजावट बांबू आणि गावात मिळणाऱ्या सामानातून उभी केली होती, आणि खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शनही तिथे भरलं होतं. त्याच मातीतल्या बांबूवाल्याने आपल्या स्टॉलला चकचकीत झालर का लावावी?

काढलेल्या फोटोंवर नाव, फोन नंबर, चांदण्या, फुलांची चौकट काही टाकू नका. अनेक ठिकाणी निवडणाऱ्यांना नाव न दाखवता फोटो दाखवतात. नंबर छापलेला फोटो तिथे बाद होऊ शकतो. चार फोटो जोडून एक करू नका. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते लहान होऊन धूसर होतात.

पाच-सहा ओळींचं वर्णन

बहुतेक अर्जांत हे सापडतं: ‘आम्ही विविध प्रकारच्या आकर्षक, दर्जेदार व पर्यावरणपूरक हस्तकला वस्तू माफक दरात बनवून देतो.’ ह्या वाक्यातून काहीच कळत नाही. हे बघा:

‘रावेर तालुक्यातल्या आमच्या गावात घड कापला की केळीचं खोड बांधावर टाकतात. त्या खोडाचा धागा काढून आम्ही सहा जणी तो हाताने वळतो आणि पिशव्या व टेबलावरच्या चटया विणतो. रंग देत नाही, धाग्याचा मूळ पिवळसर रंग ठेवतो. एका पिशवीला दोन दिवस लागतात. किंमत ३५० ते ९०० रुपये. महिन्याला साठ पिशव्या होतात.’

कशापासून, कोण, कुठे, किती वेळ, किती रुपये, किती नग. ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द न वापरताही तो कळतो. आणखी एक सूचना: जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते फळाला. धाग्याच्या पिशवीवर ‘जीआय मानांकित’ असं छापू नका.

अर्ज मराठीत चालत असेल तर मराठीतच लिहा. इंग्रजीत लागत असेल तर मुला-मुलीकडून करून घ्या, पण हेच साधं लिहिणं त्यात आलं पाहिजे. मुलं ‘पॅशन’ वगैरे घालतात, ते काढायला लावा.

भाव आधी ठरवा

अर्जात किमतीचा रकाना असतो आणि तिथे लोक अंदाजे काहीतरी टाकतात. मग स्टॉलवर वेगळाच भाव सांगतात. बसून एकदा हिशोब करा.

समजा एक गोधडी. जुन्या साड्या घरच्या, वरचं कापड आणि दोरा मिळून २५० रुपये. शिवायला आठ दिवस. दिवसाचे ३०० धरले तर २,४००. स्टॉलचं भाडं ५,००० आणि येणं-जाणं, राहणं, खाणं ४,००० असेल आणि पंधरा गोधड्या विकल्या जातील असं धरलं, तर एकीवर ६०० चढतात. झाले ३,२५०. गल्लीत हीच गोधडी बाराशेला मागतात, कारण आपल्याकडे बाईच्या हाताची मजुरी कोणी धरतच नाही. बाराशेला विकायची असेल तर पाच हजार भाड्याच्या प्रदर्शनाला जाऊच नका, घाट्यात याल. ३,२५०ला विकायची असेल तर शेजारी पाचशे-सातशेच्या काही लहान वस्तूही हव्यात, त्याच हाताच्या, त्याच टाक्याच्या: बाळाची दुपटी, उशीचे अभ्रे. भाड्याचा बराचसा भार त्या उचलतात.

कधी

प्रदर्शनांचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. अर्ज त्याच्या बरेच आधी. पोळ्याच्या सुमाराला चौकशीला लागलात तर दिवाळीचं काही हाती लागेल. दसऱ्याला विचारलंत तर यादी झालेली असते. काळा घोडा आणि क्षेत्रीय केंद्रांच्या सूचना त्यांच्या संकेतस्थळांवर येतात, पावसाळ्यापासूनच अधूनमधून बघत राहा.

एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५वर असताना इथे कोणी प्रदर्शन भरवत नाही, पण माल करायला हेच दिवस सोन्याचे. केळीचा धागा खडखडीत वाळतो, माती वाळते. आखाजी आटोपली की कुंभारालाही हात मोकळा होतो. पावसात धाग्याला आणि बांबूला बुरशी येते. नीट न वाळलेल्या बांबूला टोका लागतो आणि प्रदर्शनात टोपलीखाली पिवळी पूड पडलेली दिसते. उन्हाळ्यातला माल कोरडा करून, कडुनिंबाचा पाला घालून, हवा खेळेल असा ठेवा.

नमुने दाखवायला बोलावलं तर

सरकारी निवडीत जिल्ह्याच्या ठिकाणी नमुने घेऊन बोलावतात. जी बनवते तिनेच जावं. गटाच्या अध्यक्षा छान बोलतात म्हणून त्या एकट्याच जातात, आणि ‘हा रंग कशाचा?’ एवढ्यावर थांबतात.

पिशवीत तीन वस्तू असाव्यात: एक भारी, एक मधली, एक स्वस्त. भारी वस्तू पुन्हा करता येईल अशीच हवी, आजीने लग्नात दिलेली नको. शिवाय एक अर्धवट काम, सुई तशीच खोचलेली. कोणी शंका घेतली तर तिथेच बसून चार टाके घाला.

‘महिन्याला किती कराल?’ हा प्रश्न येणारच. घाबरून ‘कितीही’ म्हणू नका. जेवढे होतात तेवढेच सांगा. कमी आकडा सांगितल्याने नाव कापलं जात नाही. पण ‘पाचशे’ ऐकलं की समोरच्याला मशीन किंवा सुरत आठवते.

भाषेची लाज नको. अहिराणीत बोला, लेवा बोलीत बोला, कळतं त्यांना.

यादी लागल्यावर

नाव नसेल तर दोनच गोष्टी विचारा, आणि गोडीने: आमचा माल कुठल्या प्रकारात धरला होता, आणि राखीव (प्रतीक्षा) यादी आहे का? ‘त्यांचं कसं झालं, आमचं का नाही’ हे फोनवर बोलून काही मिळत नाही. पुष्कळदा उत्तर ‘कापडकामाच्या जागा भरल्या’ एवढंच असतं. पुढच्या वेळी त्याच गोधडीतलं बाळांचं सामान घेऊन गेलात तर वेगळ्या कप्प्यात विचार होऊ शकतो.

नाव असेल तर पत्र दोनदा वाचा. सरकारी मेळ्यांत स्टॉल बऱ्याचदा फुकट असतो, काही ठिकाणी प्रवासखर्च आणि भत्ताही मिळतो, पण तिकिटं आणि पावत्या जपून ठेवल्या तरच. राहायची सोय आहे का, किती जणींची, टेबल-खुर्ची-वीज कोण देणार, रात्री मालावर पहारा आहे का, हे पत्रात नसेल तर विचारा.

खासगी प्रदर्शनात पैसे भरण्याआधी सावध. व्हॉट्सॲपवर ‘शेवटचे पाच स्टॉल’ म्हणून जाहिरात येते, पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर मागतात, आणि प्रदर्शनाच्या दिवशी हॉलला कुलूप असतं. आधी हॉलवाल्याला फोन करून त्या तारखांचं बुकिंग खरं का विचारा. मागच्या वर्षी बसलेल्या दोघा-तिघांशी बोला. पावती, संस्थेचं नाव, संस्थेचं खातं ह्यातलं काही नसेल तर तो स्टॉल सोडा.

नेण्याचं बघा. खापरं आणि घागरी भुशात किंवा केळीच्या वाळल्या पानांत गुंडाळून लाकडी खोक्यात, एकात एक न घालता. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण सामानाचं भाडं वेगळं, आणि दहा पोती घेऊन चढू देतीलच असं नाही. जास्त माल असेल तर रेल्वे पार्सल दोन-तीन दिवस आधी टाका. स्टॉलवर यूपीआयचा क्यूआर हवा. शक्यतो गटाच्या खात्याचा, म्हणजे संध्याकाळी हिशोबावरून भांडण होत नाही.

राखीव यादीत नाव असलेल्यांनी एवढं करावं: माल बांधून, चिठ्ठ्या लावून, कागदांची फाईल वर ठेवून तयार असावं. कुणीतरी ऐनवेळी येत नाही, आणि ‘परवा सकाळी पोचाल का?’ असा फोन येतो. भुसावळहून मुंबईला रात्रीच्या गाड्या भरपूर आहेत. ज्यांचा माल तेव्हा घरभर पसरलेला असतो, त्यांना तो स्टॉल मिळत नाही.